झाकण किती धरते? तेल-वायूचे साठे, आच्छादक खडक आणि भूगर्भातला दाब

फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्राच्या तळाखाली तेल गाठले. मुंबई हायची ही गोष्ट महाराष्ट्रात अनेकदा सांगून झाली आहे. तिच्यात रिग असते, तंत्रज्ञ असतात, तेलटंचाईने गांजलेल्या देशाला मिळालेला दिलासा असतो. एक प्रश्न मात्र तिच्यात क्वचितच येतो : ते तेल तोवर तिथे टिकले कसे? ते तयार झाले आजूबाजूच्या खोल खळग्यांत, पन्ना नावाच्या सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या जुन्या गाळथरांमध्ये. तिथून वर सरकत ते मायोसीन काळातल्या चुनखडीत शिरले. ‘एल-३’ या नावाने ओळखला जाणारा हा थर जेमतेम दीड किलोमीटरच्या आत आहे. खडकाच्या छिद्रांत सगळीकडे पाणी आणि तेल पाण्याहून हलके, त्यामुळे त्याची धाव सतत वरच्या दिशेने. त्या चुनखडीवर शेलचे थर पसरलेले नसते, तर हे तेल माणूस पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधी समुद्रात झिरपून जिवाणूंनी संपवले असते.

वरच्या या थराला आच्छादक खडक म्हणतात. रिगवर सगळे त्याला ‘कॅप रॉक’ किंवा नुसते ‘सील’ म्हणतात. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत तो एक काळी पट्टी असतो : खाली तेल, वर पट्टी, विषय संपला. गेल्या सत्तर वर्षांचे संशोधन ओळीने वाचत गेले की या पट्टीवरचा विश्वास उडत जातो. शेल, मीठ, अ‍ॅनहायड्राइट हे खडक चांगले झाकण होतात हे खरे. पण अमुक खडक सील आहे, एवढे म्हणून काहीच सांगितल्यासारखे होत नाही. कोणत्या द्रवाला, किती दाबापर्यंत आणि किती काळ, हे सांगितले तरच त्या विधानाला अर्थ येतो. माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म इथे आहे, आणि तेलाच्या लोकप्रिय लेखनात तेच सर्वांत कमी येते.

आकाराकडून दाबाकडे

पेनसिल्व्हेनियात १८५९ मध्ये ड्रेकच्या विहिरीला तेल लागले. त्यानंतर काही दशके तेलशोध बराचसा नशिबावर चालला. थरांची घडी जिथे कमानीसारखी वर उचललेली असते तिथे तेल आणि वायू साचतात, ही कल्पना स्टेरी हंट यांनी १८६१ मध्ये मांडली होती. १८८५ मध्ये आय. सी. व्हाइट यांनी ती वायूच्या विहिरींना लावून दाखवली. अशा घडीला मराठी भूशास्त्रात विमुखनती म्हणतात. ही कल्पना इतकी फळली की पुढे बराच काळ तेलशोध म्हणजे विमुखनतींचा शोध, असेच समीकरण झाले. वरचा थर अभेद्य आहे आणि खालचे पाणी स्थिर आहे, या दोन गोष्टी त्यात गृहीतच धरलेल्या होत्या.

१९५३ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम भूशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या दोन निबंधांनी ही दोन्ही गृहीतके हलवली. किंग हबर्ट यांनी दाखवले की भूजल वाहते असेल तर तेल आणि पाणी यांच्यातली सीमा आडवी राहत नाही, ती प्रवाहाच्या दिशेने कलते. तेल जितके जड, तितका कल जास्त. प्रवाह पुरेसा जोरदार असेल तर कमान जागेवर असूनही तेल तिच्यातून वाहून जाते. अल्जीरियातल्या तिन फुये-ताबांकोर्त क्षेत्रात तेलाची सीमा अशी कललेली सापडली आहे. दुसरा निबंध जॉर्ज डिकिन्सन यांचा. त्यांनी लुइझियानाच्या किनाऱ्याखालच्या विहिरींमधले दाब एकत्र मांडले. एका खोलीच्या खाली शेलच्या जाड थरांत वाळूचे थर बंदिस्त होते आणि त्यांच्यातला दाब त्या खोलीला असायला हवा त्याहून कितीतरी जास्त होता.

असायला हवा म्हणजे किती? छिद्रांतले पाणी वरपर्यंत जोडलेले असेल तर दर १० मीटरला साधारण १ बार दाब वाढतो. ३ किलोमीटर खोलीवर तो सुमारे ३०० बार. त्याच खोलीवर वरच्या सगळ्या खडकाचे वजन धरले तर सुमारे ६८० बार होते. छिद्रांतला खरा दाब बहुतेक ठिकाणी या दोन आकड्यांच्या दरम्यान असतो. उरलेले वजन खडकाचे कण एकमेकांवर टेकून पेलतात. मृदा-यांत्रिकीचे जनक कार्ल टेरझागी यांनी १९२० च्या दशकात मातीच्या बाबतीत मांडलेले हे तत्त्व तेलक्षेत्रात आजही जसेच्या तसे वापरले जाते. छिद्रांतला दाब वाढला की कणांवरचा भार हलका होतो, आणि तो फारच हलका झाला की खडक फाटायला तयार होतो.

झाकण धरते म्हणजे काय होते

शेलमध्ये छिद्रे असतात, आणि त्यांत पाणी असते. हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट समजत नाही. शेलमधून पाणी जाते. अतिशय संथ, पण जाते. अडते ते तेल. कारण छिद्रांच्या भिंती पाण्याने ओल्या असतात आणि तेलाला त्या अरुंद वाटेत शिरायचे तर तेल आणि पाणी यांच्यातला पृष्ठताण तोडावा लागतो. कोरड्या फडक्यातून फुंकर सहज पार जाते. तेच फडके ओले करून ताणून धरले तर फुंकर अडते, आणि जोर वाढवत नेला की एका क्षणी हवा बुडबुडे काढत पार होते. आच्छादक खडकात हेच घडते, फक्त छिद्रे मिलिमीटरच्या लक्षांशात मोजावी लागतात.

आकडे घालून पाहू. शेलमधल्या छिद्रांच्या गळ्याची त्रिज्या २० नॅनोमीटर आहे आणि तेल व पाणी यांच्यातला पृष्ठताण दर मीटरला ०.०३ न्यूटन आहे असे धरले, तर तेलाला आत शिरायला सुमारे ३० बार जादा दाब लागतो. हा जादा दाब तेल आणतो कुठून? स्वतःच्या हलकेपणातून. पाण्याची घनता १.०३ आणि तेलाची ०.७५ धरली, तर तेलाच्या दर मीटर उंचीमागे जेमतेम ०.०२७ बार जमतो. म्हणजे ते झाकण हजार मीटरहून उंच तेलस्तंभ पेलू शकते. खोलीवरच्या दाबाखाली वायूची घनता ०.२ धरा, तो पाण्याहून खूपच हलका, म्हणून त्याच झाकणाखाली, पृष्ठताण तेवढाच मानला तरी, वायूचा स्तंभ पावणेचारशे मीटरच्या आसपासच उभा राहील. आता छिद्राचा गळा दहापट रुंद करा, म्हणजे शेलमध्ये थोडी रेती जास्त मिसळली इतकेच : तेलाला ११० मीटर आणि वायूला ३५-४० मीटर एवढीच मुभा उरते. झाकणाची जाडी या हिशेबात कुठेच येत नाही. जाडीचा उपयोग वेगळा. पातळ थरात कुठेतरी एखादी रेताड जागा किंवा छोटा प्रस्तरभंग आरपार असण्याची शक्यता जास्त, जाड थरात ती कमी.

हे गणित १९७० च्या दशकात बर्ग आणि शोवॉल्टर यांनी तेलशोधकांच्या हाती दिले. प्रयोगशाळेत खडकाच्या तुकड्यात पारा दाबून भरायचा, तो कोणत्या दाबाला आत शिरतो ते पाहायचे आणि त्यावरून तेल-पाण्याचा हिशेब करायचा, ही रीत तेव्हापासून चालत आली आहे. वॉट्स यांनी १९८७ मध्ये झाकणांचे दोन प्रकार केले. एका प्रकारात तेल छिद्रांतून पार होते. दुसऱ्या प्रकारात छिद्रे इतकी बारीक असतात की तेल त्यांत शिरण्याआधी खडकच फाटतो. मीठ आणि अतिशय घट्ट शेल दुसऱ्या प्रकारात मोडतात.

वायूच्या बाबतीत आणखी एक चोरवाट आहे. त्याचे रेणू पाण्यात विरघळून झाकणातून पसरत वर जातात. नेदरलँड्समधल्या हार्लिंगेन क्षेत्रातला निम्मा वायू या वाटेने ४५ लाख वर्षांत निसटेल, असा हिशेब लायथॉयझर आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मांडला तेव्हा खळबळ उडाली. दहा वर्षांनी क्रूस आणि सहकाऱ्यांनी तोच हिशेब पुन्हा केला, तेव्हा ही गळती कितीतरी पट संथ निघाली. तिला शून्य मात्र कुणीच ठरवले नाही.

जास्तीचा दाब येतो कुठून

समुद्रतळावर नुकत्याच बसलेल्या चिखलात निम्म्याहून अधिक भाग पाणी असते. वरून गाळ पडत गेला की हे पाणी पिळून निघायला हवे. गाळ सावकाश पडला तर ते निघते. मोठ्या नद्यांच्या त्रिभुज प्रदेशांत गाळ इतक्या झपाट्याने पडतो की पाण्याला वेळच मिळत नाही. ते अडकते आणि वरचे वजन पेलू लागते. मेक्सिकोचे आखात, नायजर, महाकम, आपल्याकडे गंगा-ब्रह्मपुत्रा आणि कृष्णा-गोदावरी, या सगळ्यांच्या खाली असे अति-दाबाचे पट्टे आहेत. इतर कारणेही आहेत. सेंद्रिय द्रव्यापासून वायू तयार होताना आकारमान वाढते. ८० ते १२० अंश सेल्सिअसच्या आसपास स्मेक्टाइट ही माती इलाइटमध्ये बदलते आणि पाणी सोडते. भूपट्टांच्या रेट्यानेही छिद्रे दाबली जातात.

कारण कोणते, हा प्रश्न खोदकाम करणाऱ्याच्या जिवाशी निगडित आहे. अडकलेल्या पाण्यामुळे शेल नीट दबलेला नसतो, त्यामुळे त्यातून ध्वनिलहरी सावकाश जातात. हॉटमन आणि जॉन्सन यांनी १९६५ मध्ये यावरून दाब ओळखण्याची पद्धत दिली आणि ईटन यांच्या १९७५ च्या सूत्राने ती जगभर पोहोचली. पण आधी नीट दबलेल्या खडकात नंतर वायू तयार होऊन दाब वाढला, तर ध्वनीचा वेग फारसा उतरत नाही. तिथे ही पद्धत खरा दाब लपवते. ग्लेन बॉवर्स यांनी १९९५ मध्ये या दुसऱ्या प्रकारासाठी वेगळे सूत्र मांडले. खोदताना विहिरीत भरायच्या चिखलाचे, म्हणजे ‘मड’चे, वजन ठरवणाऱ्या अभियंत्याला या दोन प्रकारांतला फरक कळणे किती आवश्यक आहे, हे सांगायला पाशरलापुडीचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. आंध्र प्रदेशातल्या तेव्हाच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यातल्या या विहिरीतून जानेवारी १९९५ मध्ये वायू उसळला, पेटला आणि तब्बल ६५ दिवस जळत राहिला. आसपासची गावे रिकामी करावी लागली. एखाद्या ब्लोआउटमागे एकच कारण कधी नसते. पण अति-दाबाच्या प्रदेशात विहीर खणताना चुकीला जागा फार थोडी असते.

अति-दाब एकदा तयार झाला की तो टिकतो किती? १९९० मध्ये जॉन हंट यांनी लिहिले की खोल खोऱ्यांत चारही बाजूंनी बंद असे दाबाचे कप्पे असतात. तेल त्यांत तयार होते, दाब वाढला की झाकण फुटते, तेल बाहेर पडते आणि झाकण पुन्हा सांधते. कल्पना देखणी होती आणि तिने बऱ्याच जणांना भुरळ घातली. डेव्हिड डेमिंग यांनी १९९४ मध्ये साधा हिशेब मांडला : कोट्यवधी वर्षे दाब कोंडून ठेवायचा तर झाकणाची पार्यता, म्हणजे पाणी पार होऊ देण्याची क्षमता, इतकी कमी हवी की प्रत्यक्ष मापनांत तशी क्वचितच आढळते. म्हणजे आज दिसणारा अति-दाब एक तर भूशास्त्राच्या घड्याळात ताजा आहे, किंवा कुठून तरी त्याला भर पडत राहिली आहे. मला डेमिंग यांची बाजू पटते. पाणी अडवणे आणि तेल अडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. तेलाला कोट्यवधी वर्षे अडवणारा शेल पाण्याला तेवढा काळ अडवू शकतोच असे नाही. या दोन्हींना ‘सील’ हे एकच नाव मिळाल्याने चर्चेत गोंधळ झाला आहे.

उत्तर समुद्रातला वाद

या प्रश्नाची सर्वांत कसून तपासणी झाली ती ब्रिटन आणि नॉर्वेच्या दरम्यानच्या उत्तर समुद्रात. तिथल्या मध्य द्रोणीत जुरासिक वालुकाश्म पाच किलोमीटरहून खोल आहेत. एल्गिन-फ्रँकलिन क्षेत्रात मूळ दाब ११०० बारच्या घरात आणि तापमान १९० अंशांच्या आसपास, म्हणजे त्या खोलीच्या सामान्य दाबाच्या दुपटीहून अधिक. अशा ठिकाणी काही कमानी भरगच्च निघाल्या, तर शेजारच्याच काही साफ कोरड्या.

१९९३ मध्ये गारेनस्ट्रूम आणि सहकाऱ्यांनी त्याचा खुलासा दिला. कमानीच्या माथ्यावरचा दाब आणि झाकण फाटायला लागणारा किमान ताण, या दोन्हींतला फरक त्यांनी विहिरीगणिक काढला. जिथे हा फरक हजार पीएसआयहून, म्हणजे साधारण ७० बारहून कमी होता, तिथल्या कमानी रिकाम्या आढळल्या. यामागचा भौतिक विचार स्पष्ट आहे. तिरप्या वाळूच्या थरात खालच्या टोकाचा दाब पाण्यावाटे वरच्या टोकाला पोहोचतो. भोवतालचा शेल मात्र आपापल्या खोलीचाच दाब धरून असतो. त्यामुळे माथ्यावर वाळूतला दाब शेलपेक्षा जास्त होतो आणि झाकण तिथेच फाटते. त्यावर तेलाचा किंवा वायूचा स्तंभ उभा असेल तर त्याच्या हलकेपणाचा दाब आणखी वर. २०० मीटर वायू म्हणजे सुमारे १६ बारची भर. म्हणजे अशा कमानीत फार उंच स्तंभ साचूच शकत नाही; साचू लागला की तो स्वतःच आपले झाकण उघडतो. मेक्सिकोच्या आखातातल्या साउथ यूजीन आयलंड ३३० क्षेत्रात फिंकबायनर, झोबॅक आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये असा समतोल दाखवून दिला.

पुढे मात्र हजार पीएसआयच्या नियमाला अपवाद सापडले. कमी फरक असलेल्या काही कमानींतही तेल-वायू मिळाला. कारण फाटणे ही एकदाच घडून संपणारी गोष्ट नाही. भेग उघडते, दाब उतरतो, भेग मिटते. वायू नंतर पोहोचला असेल तर आधीच्या फुटीने त्याचे काही बिघडत नाही. गारेनस्ट्रूम यांचा आकडा सावधगिरीचा इशारा म्हणून मोलाचा आहे. कायदा म्हणून तो वापरला की चांगल्या जागा सोडून दिल्या जातात.

याच सुमारास दुसरा वाद पेटला. पाण्याचा जादा दाब तेलाला झाकणाच्या छिद्रांत ढकलतो का? बहुतेक शोधगट तोवर ‘हो’ असेच धरून हिशेब करत होते : साठ्यातला पाण्याचा दाब झाकणातल्या दाबाहून जास्त असेल, तर तो फरक तेलाच्या हलकेपणात मिळवायचा. नॉर्वेच्या ब्योर्कुम, वाल्डरहाउग आणि नाडो यांनी १९९८ मध्ये यावर बोट ठेवले. झाकणाखालच्या वाळूतही कणांभोवती पाण्याचे पातळ पटल सलग असते आणि ते झाकणातल्या पाण्याला जोडलेले असते. छिद्राच्या तोंडाशी तेल आणि पाणी यांच्या दाबातला फरक तेवढा महत्त्वाचा, आणि तो केवळ स्तंभाच्या उंचीवर ठरतो. विरोधकांचे म्हणणे असे की तेलाने भरलेल्या वाळूत उरलेले पाणी जवळजवळ हलतच नाही, मग ते जोडलेले आहे म्हणण्याला व्यवहारात अर्थ किती? माझ्या मते तत्त्वाच्या बाबतीत ब्योर्कुम यांची मांडणी पक्की आहे. अति-दाब झाकण निकामी करतो तो प्रामुख्याने खडक फाडून. छिद्रांची वाट आणि फुटीची वाट वेगळी ठेवली, तर शोधगटांचे जोखमीचे हिशेबही जास्त प्रामाणिक होतील.

गळणाऱ्या झाकणाचे देणे

आतापर्यंत गळतीचे वर्णन नुकसान म्हणून झाले. १९५४ मध्ये विल्यम गसो यांनी वर चढत जाणाऱ्या कमानींच्या रांगेत काय होते ते सांगितले. पहिल्या, खोल कमानीत वायू माथ्यावर बसतो, तेलाला खाली रेटतो, तेल काठावरून सांडून पुढच्या कमानीत जाते. म्हणून खोलवर वायू आणि वरच्या बाजूला तेल. यात झाकण पक्के मानलेले आहे. जॉन सेल्स यांनी १९९७ मध्ये झाकणच चलराशी केले. पक्के झाकण वायू धरून ठेवते आणि तेल काठावरून घालवते. थोडे कच्चे झाकण माथ्यावरून वायू सोडत राहते आणि तेलाला जागा राहते. अगदी कच्चे असेल तर दोन्ही जातात. तेल हवे असेल तर झाकण परिपूर्ण नसलेले बरे, हा निष्कर्ष पहिल्यांदा वाचताना चकित करतो. जितका विचार करावा तितका तो पटत जातो. ‘उत्तम सील’ असा शेरा शोधअहवालात दिसला की त्यापुढे ‘कशासाठी’ हे विचारले गेले पाहिजे.

झाकण काळानुसार बदलते, याचे ठसठशीत उदाहरण बॅरेंट्स समुद्र. नॉर्वेच्या उत्तरेला हिमयुगांत आणि त्याआधीही भूभाग उचलला गेला, वरचा खडक खरवडला गेला; शेकडो मीटरपासून दोन किलोमीटरपर्यंत, काही ठिकाणी त्याहून अधिक. खोली घटली तसा दाब उतरला. तेलात विरघळलेला वायू बाहेर आला, फुगला आणि त्याने तेल काठावरून खाली ढकलून दिले. शिवाय वजन उतरल्याने झाकणांत भेगा पडल्या. १९८४ मध्ये सापडलेल्या स्नोव्हित क्षेत्रात मुख्यतः वायू आहे आणि त्याखाली तेलाचा पातळ पट्टा. तिथल्या अनेक विहिरींत साठ्याखालच्या पाणथळ खडकात तेलाचे अवशेष मिळाले. हे साठे एके काळी कितीतरी मोठे होते.

कॅनडातल्या अल्बर्टाचे एल्मवर्थ क्षेत्र तर झाकणाची सगळी व्याख्याच उलटी करते. तिथे घट्ट वालुकाश्मात खोलवर वायू आहे आणि त्याच थराच्या वरच्या टोकाला पाणी. मधे कुठलाही आच्छादक थर नाही. जॉन मास्टर्स यांनी १९७९ मध्ये हे मांडले तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नव्हता. वायू तिथे टिकतो कारण खडक इतका घट्ट आहे की तो पाण्यातून फार सावकाश निसटतो, आणि दीर्घ काळ नव्याने तयार होणारा वायू ती तूट भरत राहिला.

मीठ हे मात्र निर्दोष झाकण मानले जाते. नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेनमध्ये झेकस्टाइन मिठाने सुमारे २८०० अब्ज घनमीटर वायू राखला. ब्राझीलच्या किनाऱ्याबाहेर २००६ मध्ये सापडलेले टुपी क्षेत्र जवळपास दोन किलोमीटर जाड मिठाखाली आहे. तरीही दक्षिण ओमानमध्ये ‘आरा’ मिठाच्या पोटात अडकलेल्या चुनखडीच्या तुकड्यांभोवती तेलाने काळे पडलेले मीठ सापडले. २००७ मध्ये शोनहेर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की द्रवाचा दाब वरच्या खडकाच्या वजनाजवळ पोहोचला की मिठाच्या कणांमधल्या वाटा उघडतात आणि तेल त्यांत शिरते. दाब उतरला की मीठ परत बंद होते. इतक्या घट्ट खडकालाही मर्यादा आहे, आणि ती दाबच ठरवतो.

भारतीय खोऱ्यांत

आपल्याकडे या विषयाचे सगळे नमुने मिळतात. गुजरातमध्ये खंबातच्या खोऱ्याचा तळ दख्खनच्या बेसॉल्टचा आहे. त्यावरचा ‘कँबे शेल’ तेल तयारही करतो आणि काही ठिकाणी झाकणही होतो. झपाट्याने खचलेल्या भागांत त्यात अति-दाब आढळतो. १९६० मध्ये सापडलेले अंकलेश्वर याच खोऱ्यातले. आसाममध्ये तिपाम वालुकाश्मावर गिरुजन मातीचे झाकण आहे. त्रिपुरा-काचारच्या घड्यांच्या प्रदेशात गाळाचा वेग आणि भूपट्टाचा रेटा दोन्ही एकत्र येतात, त्यामुळे तिथली विहीर अवघड असते.

कृष्णा-गोदावरी खोऱ्याने दोन महागडे धडे दिले. पहिला दीनदयाळ क्षेत्राचा. २००५ मध्ये तिथे २० लाख कोटी घनफूट वायू असल्याची घोषणा झाली. दाब प्रचंड, तापमान प्रचंड. पण वालुकाश्म इतका घट्ट की वायू हवा तसा वाहिला नाही, आणि पुढचे अंदाज घोषणेच्या जवळपासही आले नाहीत. दाब जास्त असणे आणि वायू काढता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे सरकारी पैशातून शिकावे लागले. दुसरा धडा डी-६ या वायूगटाचा. तिथले उत्पादन एप्रिल २००९ मध्ये सुरू झाले आणि दाब उतरू लागला. शेजारी ओएनजीसीचे गट होते. दोन्हींमध्ये वायूला अडवणारे सलग झाकण किंवा प्रस्तरभंग नसेल, तर दाब जिकडे कमी तिकडे वायू जाणारच. २०१५ मध्ये स्वतंत्र सल्लागारांनी साठे जोडलेले असल्याचे आणि वायू सीमा ओलांडून गेल्याचे सांगितले. पुढे हा वाद लवादापर्यंत आणि न्यायालयापर्यंत गेला. नकाशावरची गटांची रेषा सरकार आखते, दाबाची रेषा खडक आखतो.

प्रस्तरभंग वायू अडवतो की वाट देतो, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे एवढेच, की सरकताना भेगेत किती माती माखली जाते यावरून तिची क्षमता मोजण्याची यील्डिंग आणि सहकाऱ्यांची १९९७ ची पद्धत आज सर्वत्र रूढ आहे, आणि तिच्या आकड्यांवर गरजेपेक्षा जास्त भिस्त ठेवली जाते असे मला वाटते.

झाकणावर नवा भार

साठा उपसला की दाब उतरतो, आणि दाब उतरला की कणांवरचा भार वाढतो. ग्रोनिंगेनमध्ये वाळूचा थर दबला, जुने प्रस्तरभंग सरकले आणि २०१२ मध्ये हुइझिंगे इथे ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला. मिठाचे झाकण शाबूत राहिले. घरांच्या भिंती मात्र भेगाळल्या आणि अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये उत्पादन थांबवण्यात आले. उलट इंडोनेशियात पूर्व जावातल्या सिदोआर्जो इथे २९ मे २००६ रोजी जमिनीतून गरम चिखल उसळला. जवळच, दोनशे मीटरच्या आत, वायूची विहीर खणली जात होती. दोनच दिवस आधी योग्यकर्ता इथे भूकंप झाला होता. दोष कोणाचा यावर शास्त्रज्ञांत आजही दोन तट आहेत. खालच्या अति-दाबाच्या थराला वर येण्याची वाट मिळाली, याबद्दल मात्र दुमत नाही. हजारो कुटुंबांची गावे त्या चिखलाखाली गेली.

कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली पुरण्याचे काम याच ज्ञानावर उभे आहे. नॉर्वेच्या स्लाइपनेरमध्ये १९९६ पासून वर्षाला सुमारे १० लाख टन वायू उट्सिरा वाळूत सोडला गेला. १९९९ च्या भूकंपीय सर्वेक्षणात दिसले की वाळूतल्या मीटरभर जाडीच्या शेलच्या पट्ट्या एकामागून एक पार करत तो तीन वर्षांत वरच्या मुख्य झाकणापर्यंत पोहोचला होता. मुख्य झाकणाने त्याला धरले. अल्जीरियाच्या इन सालाहमध्ये २००४ पासून वायू सोडला, तेव्हा वरची जमीन वर्षाला काही मिलिमीटर उचलली जात असल्याचे उपग्रहांनी टिपले. झाकणाच्या खालच्या भागात भेगा पडल्याची शंका आली आणि २०११ मध्ये काम थांबवले गेले. ते वेळेत थांबवले गेले, कारण कोणीतरी मोजत होते.

भारतात जुन्या तेलक्षेत्रांत कार्बन डायऑक्साइड सोडण्याचा आणि दख्खनच्या बेसॉल्टमध्ये तो मुरवण्याचा विचार गंभीरपणे सुरू आहे. बेसॉल्टमध्ये तो खनिजात बदलू शकतो, पण बदलायला वेळ लागतो आणि तोवर वरचे झाकण धरावे लागते. मुंबई हायसारख्या क्षेत्रात तर झाकणातून शेकडो विहिरी गेलेल्या आहेत आणि त्यातल्या अनेकांचे सिमेंट चार-पाच दशकांपूर्वीचे आहे. तरीही विहीर खणताना खडकाचे गाभे काढले जातात ते बहुधा साठ्याच्या थरातून. आच्छादक शेलचे गाभे जगभरच फार थोडे आहेत, कारण त्यातून तेल निघत नाही आणि रिगचा प्रत्येक तास महाग असतो. पुढच्या विहिरींत झाकणाचे गाभे काढणे, त्यांच्यावर पाऱ्याची चाचणी करणे, खडक कोणत्या दाबाला फाटतो हे प्रत्यक्ष मोजणे आणि जुन्या विहिरींचे सिमेंट तपासणे, हा खर्च साठ्याच्या अभ्यासाइतकाच आवश्यक मानून आताच अंदाजपत्रकात धरला पाहिजे.